एअरसेवा : उपयुक्त, पण अपुरी

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये सुरू केलेली एअरसेवा ही तक्रार-सुविधा इंदूर-पुणे ये-जा करणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला माहीत असायला हवी. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर आमचे उड्डाण ऐनवेळी रद्द झाले, तेव्हा विमान कंपनीने केवळ दिलगिरी व्यक्त केली. एअरसेवावर तक्रार नोंदवल्यावर मात्र तिकिटाचे पैसे परत मिळाले. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार पूर्वसूचनेशिवाय उड्डाण रद्द झाले आणि कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे नसेल, तर परताव्याखेरीज भरपाईही देय असते : एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी कमी असेल ती रक्कम. त्या भरपाईबाबत मात्र कंपनीचेच साचेबंद उत्तर पुढे आले आणि तक्रार बंद झाली, हे मला गंभीर वाटते.