तयार लोखंडी तबेला: सांगाडा घ्या, भिंती मात्र आपल्या लावा

कारखान्यात कापून, भोकं पाडून येणारा आणि जागेवर नट-बोल्टने उभा करायचा लोखंडी तबेला आम्ही घेतला. एकाच छपराखाली घोड्या, गाई आणि शेळ्या. ऊन, पाऊस, थंडी सगळं त्यात काढून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. सांगाडा उत्तम आहे; पुन्हा घ्यायची वेळ आली तर तोच घेईन. सोबत येणाऱ्या भिंती आणि ठाणांची दारं मात्र घोडा कधी न पाहिलेल्या माणसाने काढल्यासारखी आहेत. ती घेऊ नका.

आधी चांगलं सांगते. खांब आणि कैच्या (छपराला पेलणारे त्रिकोणी सांगाडे), सगळे भाग वेल्डिंग आटोपल्यावर अख्खेच्या अख्खे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले आहेत. त्यामुळे लेप पाइपच्या आतूनही बसतो. जस्ताचा लेप असलेला पाइप आणून जागेवर वेल्डिंग करून देणारेही भेटतात, काम झटपट होतं. पण वेल्डिंगच्या जागचं जस्त जळून जातं, आणि वरून चंदेरी रंग फासला तरी गंज तिथूनच धरतो. गोठ्यात पावसापेक्षा मूत लोखंडाला जास्त खातं. खांब कुजतो तो तळाशी, जिथे मूत आणि शेण साचून राहतं. म्हणून बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची लोखंडी पाटी, फरशीच्या पातळीला न ठेवता फूटभर उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर घ्या. आम्ही तसं सांगितल्यावर कंपनीने कुरकुर न करता खांबांची लांबी त्या मानाने कमी करून नवा नकाशा पाठवला. आज फरशी कितीही धुतली तरी खांबाच्या पायाशी ओल राहत नाही.

पायाच्या काँक्रीटमध्येही हात आखडू नका. पाया छपराचं वजन पेलण्यासाठी असतो असं सगळ्यांना वाटतं, पण पत्र्याचं छप्पर मुळात हलकं. बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा शिरला की तो छपराला आतून वर उचलतो, आणि तेव्हा सगळा डोलारा खाली धरून ठेवतं ते पायातल्या काँक्रीटचं वजन.

आता भिंती. कंपनी खालपासून वरपर्यंत पत्रा देते, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. गाय अंग घासते, तेवढ्याने त्याला पोचे येतात. घोडीची गोष्टच वेगळी. तिने दुगाण्या झाडल्या की असा पत्रा फाटतो आणि टाप आरपार जाते. खरी इजा होते ती पाय मागे ओढताना. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी, शिरा, हाड. फाटलेल्या पत्र्याची कड तिथे सुरीसारखी चालते. म्हणून आम्ही पत्रा साडेचार फुटांच्या वरच लावला. खाली दोन इंच जाडीच्या आडव्या फळ्या खांबांना बोल्ट केलेल्या चॅनेलमध्ये वरून सरकवल्या आहेत. एखादी फुटली तर वरच्या उचलायच्या, नवी घालायची, सुताराला बोलवावं लागत नाही. कंपनीच्या दारांच्या गजांमध्ये हात सहज जाईल एवढी फट होती, म्हणजे टापही जाऊन अडकणार. ही फट तीन इंचांच्या आतच हवी. ती दारं आम्ही परत पाठवली.

मापं थोडक्यात. घोड्याचं ठाण १२ बाय १२ फूट, व्यायची घोडी असेल तर १२ बाय १६. दार चार फूट रुंद. मधली वाट १२ फूट ठेवली की समोरासमोर आलेली दोन जनावरं बिचकत नाहीत. कैचीची खालची कड १० फुटांच्या खाली नको, घोडा मान उंचावतो तेव्हा टाळूला लोखंड लागता कामा नये.

छपराला विक्रेत्याने जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या लेपाचा पत्रा सुचवला. या लेपात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं आणि उघड्यावर तो खरंच टिकतो. पण वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. लीद आणि मुतातून उठणारा अमोनिया या लेपाला मानवत नाही, म्हणून जनावरं कोंडून ठेवायच्या इमारती त्या वॉरंटीतून बऱ्याचदा वगळलेल्या असतात. आम्ही तो छपराला घेतला, कारण छप्पर उंच आहे आणि मोभाला लांबभर उघडी फट ठेवून तिच्यावर टोपी बसवली आहे.

त्या फटीवरून पुष्कळ वाद झाले. थंडीत जनावरं गारठतील म्हणून ती बंद करा, असं येणारा प्रत्येक जण सांगायचा. पण जनावराला थंडीपेक्षा कोंडलेली दमट हवा बाधते. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो, त्याच्या खालच्या अंगाला जनावरांच्या श्वासातली वाफ लागते, आणि बाहेर कोरडं असताना आत थेंब पडू लागतात. फट बुजवली की थेंब वाढतात, पेंढा भिजतो, अमोनिया वाढतो, घोडी खोकायला लागते. मोभाला फट, वळचणीला फट, आणि ठाणांवर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल, एवढं केल्यावर आमच्याकडे थेंब पडत नाही. पॅनेलमुळे पावसाचा ताशाही मंदावतो. नव्या घोडीला त्या आवाजानेच घाम फुटायचा, आता ती सरी कोसळत असताना निवांत चघळत असते.

आणखी एक, ज्यांच्याकडे घोडे आणि गाई एकाच छपराखाली राहणार आहेत त्यांच्यासाठी. गाईंच्या काही तयार खुराकांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं. घोड्याच्या मात्र हृदयाच्या स्नायूवर घाव घालतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. कंपनीच्या नकाशात खुराकाची एकच खोली होती. आम्ही तिच्या दोन करून घेतल्या, दारं विरुद्ध बाजूंना, घमेली आणि मापंही वेगळी. नकाशा पक्का करण्याआधीच हे सांगा, म्हणजे दाराची चौकट सांगाड्यासोबतच तयार होऊन येते.