उत्क्रांती शिकवताना देवाचं काय करायचं?

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिल्याच धड्यात उत्क्रांती येते आणि वर्गात हात वर होतो: "सर, मग देवानं माणूस केला नाही?" नव्या शिक्षकापुढे तेव्हा तीन वाटा असतात. कोल्हापुरात शिकवताना मी तिन्ही चाललोय.

पहिली, टाळायचं. "परीक्षेत येत नाही, पुढे चला." तास वेळेत संपतो, पण ते पोर पुन्हा हात वर करत नाही.

दुसरी, दशावताराची. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असा क्रम फळ्यावर मांडला की अंबाबाईचं दर्शन घेऊन शाळेत येणाऱ्या पोरांना धडा लगेच आपला वाटतो. मीही सहा-सात वर्षं हेच केलं आणि ज्यांना हे नीट जमतं त्यांना चूक म्हणणार नाही. माझं मन उडालं ते उत्तरपत्रिकांमुळे. चाचणीत एका हुशार मुलीनं लिहिलं होतं: 'मासा प्रगत होऊन कासव झाला, कासव प्रगत होऊन डुक्कर.' गठ्ठा पुन्हा चाळला, तर पेपरामागून पेपरात तीच शिडी. अवतारामागे हेतू असतो, नैसर्गिक निवडीला, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात नि त्यांचीच पिल्लं वाढतात त्या प्रक्रियेला, हेतू नसतो. कासव आणि डुकराचा फार जुना पूर्वज एकच, पण तो कासवही नव्हता नि डुक्करही नव्हता. हे दरवर्षी नव्यानं समजवायचं, आणि तरी सहामाहीला शिडी परत हजर, कारण ती मीच काढून दिलेली. शिवाय वर्गातली मुसलमान, ख्रिश्चन पोरं त्या तासाला गप्प बसायची.

तिसरी, आधीच उघड बोलायचं. आता मी सुरुवातीलाच सांगतो, "देव आहे का, हा प्रश्न या तासाचा नाही. सजीव कसे बदलले, त्याचे पुरावे आपण बघू. श्रद्धा सोडून बसा असं मी म्हणत नाही." उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही, असं १९७३ मध्ये लिहिणारे जीवशास्त्रज्ञ डॉब्झान्स्की स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होते, हेही सांगतो. मग सगळ्यांना आपापलं माकडहाड चाचपायला लावतो. शेपूट नाही, पण तिचे मणके जुळून उरलेत. फळ्यावर शिडीऐवजी झाड काढतो. माणूस आणि चिंपांझी या शेजारच्या फांद्या, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या. 'मग माकडं अजून कशी?' याला हल्ली पोरंच उत्तर देतात, "आरं, ती चुलतभावंडं हाईत, आजोबा न्हाईत!"

याला थोडा धीर लागतो. वर्ग अजून हातात आला नसेल तर पहिल्या वर्षी दशावताराचा आधार घेतलात तरी चालेल बहुधा. फक्त शेजारी ते झाडही काढा, आणि चाचणीत 'डुकराचा पूर्वज कासव होता का?' एवढं विचारून बघा.