वर्कशॉपचं पॅनेल आणि केबलिंग : काम कसं झालं

मुख्य पॅनेल, चौदा मोटरींच्या केबल आणि अर्थिंग, सगळं गेल्या महिन्यात नव्यानं करून घेतलं. देखभाल माझ्याकडे आहे, म्हणजे काही बंद पडलं की पहिला फोन मला.

आधीच्या ठेकेदाराचं पॅनेल बाहेरून चकाचक होतं. आत मात्र एका लगचं (केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोपीचं) क्रिंपिंग, म्हणजे दाबून पक्कं करणं, कच्चं राहिलेलं. सैल जोडाला रेझिस्टन्स जास्त, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. लोड वाढला की तो जोड तापायचा. शेवटी तीनपैकी एक फेज गेला आणि त्या फीडरवरच्या दोन मोटरी जळाल्या. म्हणून या वेळी मी रोज उभं राहून काम पाहिलं.

नव्या ठेकेदाराचा मुख्य वायरमन प्रत्येक लग दाबला की हातानं ओढून बघायचा. लगमध्ये मावत नाहीत म्हणून केबलचे धागे छाटणारे मी बरेच पाहिलेत. इथे एकही धागा कापला गेला नाही. बसबारचे (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळून त्यांवर रंगाची रेघ ओढली. पुढे बोल्ट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. ट्रेमध्ये केबलची दाटी होती तिथे तो स्वतःहून म्हणाला, "साहेब, इथे एक साइज वरची घेऊ. एकमेकींना चिकटल्या की तापतात, तेवढा करंट पेलत नाहीत." ऐकलं.

खरा कस मेगरच्या, म्हणजे केबलचं इन्सुलेशन तपासायच्या, वेळी लागला. रीडिंग जितकं जास्त तितकं इन्सुलेशन चांगलं. 500 व्होल्टला 1 मेगाओहम आलं तरी नियमात बसतं. बाकी केबलचं रीडिंग शेकड्यांत, एकीचं फक्त 4. पास होती, तरी वायरमननं ग्लँड (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथला घट्ट धरणारा भाग) उघडला. आत आर्मरच्या (केबलवरच्या संरक्षक लोखंडी आवरणाच्या) तारेनं इन्सुलेशनला चरा पाडला होता. तशीच चालू केली असती तर ती कधीतरी भर रात्रपाळीत गेली असती. त्या एका गोष्टीसाठी मी या माणसांना मानतो.

पंपाला मोटरशी जोडणारं कपलिंग सोडवून आधी नुसती मोटर फिरवली, दिशा पाहिली, मगच पंप जोडला.

दोन तक्रारी आहेत. मदतनीस पोरं गॉगल न लावता ड्रिल मारत होती, मला काम थांबवावं लागलं. आणि प्रत्यक्ष झालेल्या बदलांचं ड्रॉइंग तीन आठवडे मागे लागल्यावर मिळालं.

पॅकिंग शेडचं काम पुढच्या शटडाउनला त्यांनाच देतोय. ड्रॉइंग हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, एवढं मात्र आधीच लिहून घेतलंय.