जर्मनीचा सक्तीचा आरोग्य विमा आणि आईबाबांची मेडिक्लेम : दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त श्टुटगार्टला आल्यापासून माझ्या कुटुंबाचा विमा इथल्या एका सार्वजनिक विमा संस्थेकडे, म्हणजे क्रांकेनकासेकडे आहे, आणि कोल्हापुरातल्या आईबाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता मी इथूनच भरतो. गेल्या काही महिन्यांत दोन्ही विम्यांवर रुग्णालयाचा खर्च भागवण्याची वेळ आली. इकडे येऊ पाहणारे बहुतेक जण पगारातून किती कापले जातात एवढेच विचारतात. तेवढ्यावरून भारतातला विमा स्वस्त आणि जर्मनीतला अवाच्या सवा महाग ठरतो. घरी परतताना स्वतःच्या खिशातून किती गेले आणि विम्याने कोणाला दाराबाहेर ठेवले, हे पाहिल्याशिवाय ही तुलना करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

जर्मनीत विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आहे आणि त्यावर प्रत्येक संस्था आपला अतिरिक्त दर लावते. २०२५ साठी त्याची सरकारने ठरवलेली सरासरी २.५ टक्के होती. दोन्हींचा निम्मा भार मालक उचलतो. कपातीपूर्वीचा पगार ४,००० युरो असेल, तर त्या दराने कर्मचाऱ्याच्या वाट्याला महिन्याला सुमारे ३४२ युरो येत होते. २०२५ मध्ये महिन्याला ५,५१२.५० युरोंच्या पुढच्या पगारावर मात्र वर्गणी नव्हती. शुश्रूषा विम्याची, म्हणजे परावलंबी झाल्यावर लागणाऱ्या देखभालीच्या विम्याची, कपात वेगळी होते. रक्कम मोठी आहे, हे मान्य; पण त्यात कमाई नसलेली पत्नी आणि मुले यांचा विमा वेगळा हप्ता न भरता येतो. वय वाढले म्हणून किंवा मधुमेह निघाला म्हणून दर बदलत नाही, आणि आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळही नाही.

पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रुग्णालयाने फक्त विमा कार्ड घेतले. अनामत रक्कम नाही, पूर्वमंजुरीसाठी धावाधाव नाही. काही आठवड्यांनी पत्र आले, त्यात दिवसाला १० युरो या हिशेबाने आमचा वाटा मागितला होता, आणि तोही वर्षाला २८ दिवसांपुरताच घेता येतो. चिठ्ठीवरच्या औषधांना साधारणपणे ५ ते १० युरो पडतात. अशा सगळ्या स्वखर्चावर वार्षिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे; दीर्घ आजाराच्या रुग्णांना ती १ टक्काच आहे.

उणिवाही आहेत. तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागतात. वेळ मिळवून देणाऱ्या ११६११७ या दूरध्वनी क्रमांकावरून मदत मिळते, पण डॉक्टर आपल्या पसंतीचा असेलच असे नाही. प्रौढांच्या चष्म्याचा खर्च बहुतेक वेळा आपलाच, आणि दातांच्या कॅपसाठी ठराविक अनुदानापलीकडे काही मिळत नाही. कोल्हापुरात त्वचारोगतज्ज्ञ त्याच संध्याकाळी भेटतो, ही सोय इथे नाही.

बाबांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेने मला पॉलिसीची कलमे ओळ न् ओळ वाचायला लावली. विमा ५ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. त्या दिवशी रिकामी खोली होती ती ८,००० रुपयांची. मला वाटत होते की वरचे ३,००० आपण भरायचे. प्रत्यक्षात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात, आठास पाच, मंजूर झाले. भारतातल्या विमा नियामकाच्या नियमानुसार ही प्रमाणशीर कपात औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंवर लावता येत नाही. विमा कंपनीने मात्र हर्नियासाठी शरीरात बसवलेल्या जाळीच्या आणि तपासण्यांच्या रकमेतूनही पैसे कापले होते. बिलाची प्रत्येक ओळ दाखवून लेखी तक्रार केल्यावर ते पैसे परत मिळाले. म्हणून सांगतो, आईवडिलांसाठी पॉलिसी घेताना खोलीभाड्याला मर्यादा नसलेलीच घ्या, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल.

भारतात अलीकडे झालेले बदल खरोखर उपयोगाचे आहेत. २०२४ पासून आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. तरीही हप्ता वयाबरोबर चढतच राहतो. ज्या वयात दवाखाना नित्याचा होतो, त्याच वयात विमा परवडेनासा होतो.

तरीही जर्मनीचा विमा सर्वांना सामावून घेतो असे मी म्हणणार नाही. इथल्या कौटुंबिक विम्यात जोडीदार आणि मुले येतात, आईवडील येत नाहीत, मग ते कितीही आपल्यावर अवलंबून असोत. आमच्यासारख्या घरांना त्यामुळे दोन्हीकडे पैसे भरावेच लागतात, आणि इथल्या कपातीची तुलना करताना तिकडचा हप्ता त्यात मिळवायला हवा. सत्तरी ओलांडलेल्या बाबांचे आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड, आम्ही काढले आहे. खासगी मेडिक्लेम असली तरी ते मिळते आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. आपले नेहमीचे रुग्णालय योजनेच्या यादीत आहे की नाही, हे मात्र आजार येण्याआधीच तिथे जाऊन विचारून ठेवावे.