तालुक्याच्या जनावरांच्या औषध दुकानातून मांजरीच्या पिलासाठी काय घ्यावं

विदर्भात तालुक्याच्या गावचं जनावरांच्या औषधांचं दुकान गाय-बैल, म्हैस आणि शेळीसाठी थाटलेलं असतं. सरकी ढेपेची पोती, मिनरल मिक्स्चर, गोचिडाच्या बाटल्या. मांजरीच्या पिलाचं विचारलं की दुकानदार त्याच फळीकडे हात नेतो. 400 किलोच्या जनावराचं औषध 400 ग्रॅमच्या जिवाला 'दोन थेंब द्या' म्हणून हाती पडतं, आणि घोटाळा तिथंच होतो.

म्हणून आधी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. जन्मतः पिलू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि रोज 10 ते 15 ग्रॅम वाढतं. दोन दिवस काटा जागचा हलला नाही, तर पिलू खेळताना दिसत असलं तरी काहीतरी बिघडलंय असं समजा.

जंतासाठी पायरँटेलचं सिरप उत्तम. ते माणसांच्या मेडिकलवरही मिळतं. पोट टम्म, बाकी अंग हाडकुळं आणि विष्ठेत शेवयांसारखे जंत, ही खूण. गोल जंत आईच्या दुधातून येतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी, आठ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायचं, आणि आईलाही सोबतच. बाटलीवर '5 मिलीत 250 मिलिग्रॅम' असेल तर 1 मिलीत 50 मिलिग्रॅम झाले. किलोला 10 मिलिग्रॅमच्या हिशेबाने 500 ग्रॅमच्या पिलाला फक्त 0.1 मिली. सुई काढलेली 1 मिलीची सिरिंजच वापरा. चमच्याने इतकं मोजताच येत नाही. पहिला डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच.

गोचिडाच्या बाटल्यांकडे मात्र फिरकूही नका. त्यात बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. मांजरीच्या शरीराला ते नीट निकामी करता येत नाही. थरथर, लाळ, मग झटके. कुणी लावलंच असेल तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कोरडं करून उबेत ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पिसवांसाठी फिप्रोनिलचा स्प्रे मागा. त्यावर मांजरीचा उल्लेख आणि किती वयापासून चालतो ते वाचून घ्या. थेट अंगावर फवारू नका, हातमोज्यावर घेऊन केसांत चोळा आणि सुकेपर्यंत चाटू देऊ नका. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पिसवांनी रक्त पार शोषलंय. तेव्हा स्प्रेच्या भरवशावर न बसता बारीक फणी फिरवत दवाखाना गाठायचा. केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर लाल उतरले, तर ती पिसवांची विष्ठा.

डोळे चिपडाने चिकटले, शिंका सुरू झाल्या, तर अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून ते कोमट झाल्यावर कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. दुकानातले डोळ्यांचे थेंब घेताना घटक वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही स्टेरॉइडं दिसली की बाटली परत. हा त्रास बरेचदा हर्पीस विषाणूचा असतो, बुबुळावर जखम असू शकते आणि स्टेरॉइडने ती चिघळते. नाक बंद असलं की वास येत नाही आणि पिलू जेवत नाही. खाणं जरा गरम करून द्या. तापासाठी पॅरासिटामॉल कधीच नाही, त्याचा थोडासा तुकडाही मांजरीचा जीव घेतो.

पिलांच्या दुधाची पावडर महाग, आणि तालुक्याला बहुधा मागवावी लागते. चार आठवड्यांपासून पिलाला हळूहळू मऊ खाणं सुरू करता येतं, पण दूध एकदम तोडू नका. कुस्करलेलं उकडलेलं कोंबडीचं मांस चालतं, मीठ-मसाला-कांदा नको. गाईच्या दुधाने हगवण लागते. गार पडलेल्या पिलाला आधी उबेत आणा, मगच पाजा, तेही पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

लस दुकानातून घरी आणून टोचायची नसते. ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी. मे महिन्यात 45 अंशांत दुपारभर लाइट गेली तर दुकानातल्या फ्रीजचं काय होतं ते सांगायला नको. 6 ते 8 आठवड्यांना त्रिगुणी (मांजरीच्या तीन आजारांवरची) लस, मग दर 3-4 आठवड्यांनी 16 आठवड्यांपर्यंत, आणि 12 आठवड्यांनंतर रेबीज, हे दवाखान्यातच करा. मांजरीची लस असते का, ते आधी फोनवर विचारा. तालुक्याला नसेल तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा. उलट्या, हगवण आणि खाणं बंद अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर दुकानाच्या पायरीवर वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.