आठ महिने बाहेरच्या मोडेमबरोबर

रेड हॅट ७.३ (२००२ची लिनक्स) टाकलं तेव्हा मशीनमध्ये साडेसहाशे रुपयांचं पीसीआय मोडेम कार्ड (मदरबोर्डच्या खाचेत बसणारं, फोनलाइनवरून नेट आणणारं) आधीपासून होतं. विंडोजवर गुमान चालणारं. लिनक्सवर मात्र ठार मुकं.

कारण नंतर कळलं. तो विनमोडेम होता. मोडेमचं निम्मं काम त्यातली चिप करतच नाही, विंडोजचा ड्रायव्हर ते प्रोसेसरकडून करून घेतो. म्हणून तर स्वस्त! लिनक्सचा ड्रायव्हर मिळाला, पण तो उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर. विंडोजमध्ये जा, फ्लॉपीवर भरून आण, कंपाइल कर (म्हणजे कोडमधून चालणारा ड्रायव्हर बनव). चाललं एकदाचं. पुढे कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला आणि पुन्हा मुकं.

शेवटी चौपट पैसे मोजून सीरियल पोर्टचा ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा मोडेम आणला. दुकानदार यूएसबीचा गळ्यात मारत होता, 'हापण बाहेरचाच की!' म्हणे. फसू नका, यूएसबीतही असले अर्धवट मोडेम आहेत. (उलट जंपरवाला, म्हणजे कार्डावरच्या पिनांनी सेटिंग करायचा, जुन्या आयएसए खाचेतला मोडेम कुणाच्या माळ्यावर सापडला, तर तो आतला असूनही बहुधा चालेल.)

कॉम-१ला (पहिल्या सीरियल पोर्टला), म्हणजे लिनक्सच्या टीटीवायएस०ला जोडला. डब्ल्यूव्हीडायल या नंबर फिरवणाऱ्या प्रोग्रामला लगेच सापडला. अडलं एवढंच की आमच्या एक्स्चेंजचा डायलटोन त्याला ओळखू येईना. इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांमध्ये) एक्स३ घातल्यावर टोनची वाट न बघता नंबर फिरवू लागला. 'कनेक्ट ११५२००' वाचून मीही हुरळलो होतो. तो मशीन आणि मोडेममधला वेग. डब्ल्यू२ दिल्यावर लाइनचा खरा आकडा दिसला: ४४०००, पाऊस लागला की ३१२००.

पैसे वसूल झाले ते मोडेमवरच्या दिव्यांमुळे. ओएच (ऑफ-हुक) पेटलेला म्हणजे फोन उचललेला, बिल चालू. सीडी (कॅरियर डिटेक्ट) विझला म्हणजे लाइन तुटली. पूर्वी हे अंदाजानेच चालायचं. मोडेम अडकला तर त्याचंच बटण बंद-चालू करतो, मशीन रीबूट करावं लागत नाही.

तक्रारी आहेतच. अडॅप्टर तापतो, शेजारच्या प्लगची जागाही खातो. रात्री डायल करताना मोडेम असा किंचाळायचा की आई उठून बसायची. एम० दिल्यावर गप्प झाला.

मे महिन्यात वळवाच्या पावसात शेजाऱ्यांच्या फोनलाइनमधून वीज शिरली. त्यांच्या मशीनमधलं मोडेम कार्ड गेलं, जाताना मदरबोर्डही घेऊन गेलं. तेव्हापासून ढग गडगडले की मी आधी फोनची वायर उपसतो.

माझं जुनं कार्ड चुलतभावाला दिलं. त्याच्या विंडोज ९८वर अजून मस्त चालतंय.