पावतीवर 'शाळा' हा शब्दच नव्हता

मुलाला पुण्यापासून दीड तासावरच्या, घाटाच्या पायथ्याच्या एका निवासी 'प्रयोगशील शाळेत' घातलं आणि आमचे २,९२,५०० रुपये गेले. हिशेब असा: नोंदणी ५,०००, वर्षाचं निवासी शुल्क १,८५,०००, परत मिळणारी अनामत ५०,०००, साहित्य आणि खादीचे कपडे १२,५००, आणि 'गोठ्यासाठी ऐच्छिक देणगी' ४०,०००. देणगी रोख दिली, तिची पावती नाही. प्रकरण चालू आहे म्हणून वकिलांच्या सांगण्यावरून नाव लिहीत नाही. पण वाचून ओळखणारे ओळखतील.

लगेच 'एवढं शिकलेले लोक, चौकशी नाही केली?' असं विचारू नका. केली होती. मुलगा चौथीपर्यंत ज्या शाळेत होता तिथे एका वर्गात ६२ मुलं. रोज सकाळी पोटात दुखायचं त्याच्या, डॉक्टरांना काही सापडायचं नाही. अशा वेळी कोणी सांगतं की इथे परीक्षा नाही, मूल मातीत शिकतं, तेव्हा आईबापाचं मन तिकडे ओढ घेतंच. आणि ते बोलणारे कच्चे नव्हते. गांधीजींची १९३७ ची वर्ध्याची नई तालीम, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं आदिवासी मुलांसाठीचं काम, माँटेसरी, सगळं तोंडपाठ. ती माणसं आणि त्यांचं काम खरंच मोठं आहे. म्हणून तर आम्ही विश्वास ठेवला. माँटेसरीचं नाव पाटीवर लावायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मला नंतर कळलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही रात्री झोप उडते. मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर पावत्या आणि बिलंच तपासते. पैसे भरले त्या दिवशी 'दादां'नी (तिथे सगळे दादा आणि ताई) पावतीपुस्तकातून गुलाबी प्रत फाडून दिली. वर एका फर्मचं नाव. 'कशाबद्दल' या ओळीत निळ्या पेनानं लिहिलेलं: 'निवासी उपक्रम सहभाग'. शाळेचं नाव नाही, इयत्ता नाही, शुल्क हा शब्द नाही. मी ते वाचलं. नीट वाचलं. कंपनीत अशी पावती आली असती तर मी उभ्या उभ्या परत पाठवली असती. पण मुलगा बाहेर वासराला चारा घालत होता, सहा महिन्यांत पहिल्यांदा हसत होता, आणि मी पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

तो कागदच सांगत होता की ही शाळा नाही. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला सरकारी नोंदीचा ११ आकडी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. तो मागा आणि ऑनलाइन स्वतः तपासा. 'प्रक्रियेत आहे' हे उत्तर आलं की उठा. 'आम्ही मुक्त विद्यालयातून दहावी करून घेतो' असंही ऐकवतील. तिथे दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. मग तोपर्यंत मूल कोणत्या पटावर आहे, ते लेखी मागा.

पुढचं थोडक्यात. २३ मुलं, तीन ताया, दिवाळीपर्यंत त्यातल्या दोघी सोडून गेल्या. 'श्रमशिक्षण' म्हणजे नव्या खोल्यांसाठी विटा वाहणं. दिवाळीत घरी आला तेव्हा मुलाच्या तळव्यांना घट्टे होते आणि त्याला हातचा घेऊन वजाबाकी येईना. चौथीत येत होती. आम्ही त्याला परत पाठवलं नाही.

मूळ दाखला आम्ही जूनमध्ये दादांकडे दिला होता, तो 'सापडत नाही' म्हणाले. जुन्या शाळेनं नाव कमी केलेलं, म्हणजे सरकारी नोंदीत मुलगा 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, जुन्या शाळेतून निघालेला आणि नव्या शाळेत कुठेच नसलेला. दोन खासगी शाळांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी महापालिका शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी पाचवीत घेतलं. म्हणाल्या, शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यावाचून मूल अडवता येत नाही. एवढ्या सगळ्यात कायदा वाचलेली भेटली ती ही एकच बाई. मूळ दाखला कधीही हातातून सोडू नका, पोच घ्या.

आणि कार्यालयं! तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा. साहेब 'व्हिजिट'ला, साहेब मीटिंगला, साहेब प्रशिक्षणाला. चौथ्या खेपेला भेटले आणि म्हणाले, "ती शाळाच नाही ना मॅडम, मग आमच्या कक्षेत कशी येईल?" अहो, विनामान्यता शाळा चालवली म्हणूनच तर आले! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ मध्ये त्यासाठी एक लाखापर्यंत दंड आहे, पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. मी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि चहा मागवला. तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवलं, जिल्ह्यानं पुन्हा तालुक्याकडे. माझ्या अर्जावर पाच शिक्के आहेत, कारवाई एकही नाही. देणगीचं विचारलं तर, "रोख दिलीत, पुरावा काय?"

पोलीस चौकीत, "हा दिवाणी वाद आहे." त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या शब्दावर मी थांबले. दादांनी अनामतीचा ५०,००० चा चेक जानेवारीत दिला, 'मार्चअखेर टाका' म्हणाले. शेवटच्या आठवड्यात टाकला, बाउन्स झाला. चौकीत म्हणाले, बोलावून घेतो, दोन आठवडे थांबा. थांबले. वकिलांकडे गेले तो ३८ वा दिवस. चेक बाउन्सचा खटला करायचा तर चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही उलटली होती, पुन्हा टाकता येईना. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. चौकीत कोणी हे सांगत नाही. आम्ही आता त्याच वाटेवर आहोत.

गेल्या रविवारी कोथरूडच्या एका हॉलमध्ये याच लोकांची पालकसभा होती. जागा आता दुसऱ्या तालुक्यात, फर्मचं नावही नवीन. मी मागच्या रांगेत बसले. तीच भाषणं, तेच फोटो. पाचव्या-सहाव्या फोटोत घमेलं डोक्यावर घेतलेला माझा मुलगा, खाली लिहिलेलं 'आनंददायी शिक्षण'. मी उभी राहिले आणि २,९२,५०० हा आकडा मोठ्यानं सांगितला. दोन स्वयंसेवकांनी दंडाला धरून बाहेर काढलं. माझ्या मागोमाग दोन जोडपी पार्किंगमध्ये आली. त्यातल्या एकांनी नोंदणीचे ५,००० त्याच सकाळी भरले होते. त्यांनी खिशातून गुलाबी पावती काढून दाखवली. 'कशाबद्दल'च्या ओळीत तेच होतं, 'निवासी उपक्रम सहभाग'.